तेहतीस गुण

"मामी, कुंकू काचेला नको. कडेला लावा. इथं वर, प्लास्टिकला."

महाडकरमामींनी हातातलं तबक सावरलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या आमच्या ज्ञातीच्या वधू-वर मंडळाच्या अध्यक्षांच्या पत्नी. मेळाव्यात कॉम्प्युटरची पूजा त्यांच्या हस्ते व्हायची होती आणि त्यासाठी त्या हिरवा शालू नेसून आल्या होत्या.

"अरे उल्हास, नवीन वस्तू आहे. कपाळाला नको तर काय कानाला लावायचं?"

"त्याला कपाळ नाही, मामी."

"मग हे समोर काय आहे?"

मामींनी मॉनिटरच्या बरोबर मध्यभागी ठसठशीत टिळा लावला, वर हळद लावली आणि मूठभर अक्षता टाकल्या. त्यातले चार-सहा तांदूळ कीबोर्डच्या फटीत गेले. मी ते टाचणीनं काढत असताना अध्यक्ष स्वतः नारळ घेऊन आले आणि कुठं फोडू म्हणून विचारायला लागले. त्यांची नजर सीपीयूच्या डब्यावर होती. मी म्हटलं, "साहेब, पाया पडतो, पायरीवर फोडा."

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मिरजेतलं स्टेशनच्या बाजूचं मंगल कार्यालय. मी तेव्हा सांगलीत कॉम्प्युटर विकणाऱ्या एका दुकानात कामाला होतो आणि कॉम्प्युटरनं जग सुधारणार यावर माझा ठाम विश्वास होता. तो अजूनही आहे, फक्त सुधारणं म्हणजे काय ते आता मला नक्की सांगता येत नाही. दुकानातला दाखवायचा कॉम्प्युटर मालकाच्या हातापाया पडून एका दिवसापुरता आणला होता. मॉनिटर मांडीवर घेऊन रिक्षात बसलो, तर रिक्षावाला वाटभर टीव्ही रंगीत आहे का विचारत होता.

लग्नं जुळवायचा प्रोग्राम मी संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर बसून लिहिला होता. पंचांगातली गुणमेलनाची कोष्टकं जशीच्या तशी आत घातली होती. जन्मतारीख, वेळ आणि गाव दिलं की रास, नक्षत्र, नाडी, गण सगळं काढायचा. मग वय, उंची, शिक्षण, गोत्र बघायचा आणि मंडळातल्या सगळ्या मुलांची सगळ्या मुलींशी गाठ घालून बघायचा. माणसाला जे करायला वर्ष लागलं असतं ते तो चहा होईस्तोवर करायचा. पत्रिकेवर माझा स्वतःचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेली गोष्टसुद्धा नीट करता येते, हे कॉम्प्युटरच्या धंद्यात पहिल्यांदा शिकतात.

त्याआधी हे काम वेदपाठककाकू करायच्या. साठीच्या पुढच्या, बुटक्या, कायम नऊवारीत. आमच्या ज्ञातीतली निम्मी लग्नं त्यांनी जुळवलेली. मंडळाची कार्डं त्यांच्याकडे असायची, पण कार्ड बघून त्यांनी कधी लग्न जुळवलं असेल असं वाटत नाही. त्या मुलाच्या घरी न सांगता जायच्या, थेट स्वयंपाकघरात पाटावर बसायच्या आणि चहा मागायच्या. मुलगा आईशी कसा बोलतो, पाणी स्वतः घेतो की मागतो, बहिणीच्या ताटात काय वाढतात, हे बघून यायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये कुठं भरायचं?" तर म्हणाल्या, "तू तुझं भर की बाबा. माझं माझ्यापाशी असू दे."

कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर त्या रुसतील असं अध्यक्षांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आपण होऊन त्यांनी बुटाच्या खोक्यात भरलेली कार्डं माझ्या हवाली केली. मी ती रोज थोडी थोडी भरत गेलो. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी सगळी भरून झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की यात आमच्या ताईचं कार्डच नाही.

कुंदाताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिशी ओलांडली होती. मिरजेत एका मोठ्या दवाखान्याच्या रक्तपेढीत कामाला होती, आणि तिच्या हातची सुई म्हणे टोचलेली कळायची नाही. दिसायला चांगली, पगार माझ्या दुप्पट, आणि तरीही लग्न जमत नव्हतं. अण्णा दर वर्षी न चुकता मंडळात नाव नोंदवायचे. आई सोमवार करायची. काकू दोन-चार महिन्यांनी घरी यायच्या, चहा प्यायच्या आणि सांगायच्या, "योग यायचाय, भालचंद्रराव. हिच्या पत्रिकेला जोड मिळणं सोपं नाही." अण्णा मान डोलवायचे. लोकांच्या लग्नाला जाणं त्यांनी बंद केलं होतं. गेले तर अक्षता पडल्या पडल्या निघून यायचे, कारण पंगतीत बसलं की शेजारचा माणूस "आता तुमच्याकडे कधी?" म्हणून विचारणारच.

त्या महिन्यात घरात आणखी एक विषय होता. बेळगावला नवी रक्तपेढी निघत होती आणि तिथल्या डॉक्टरांनी ताईला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. महिनाअखेर कळवायचं होतं. ताईनं अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "आधी लग्न, मग बेळगाव. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलीला कोण करून घेईल?" ताई बरं म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली. यापूर्वीही एकदा पुण्याची अशीच एक जागा याच कारणानं गेली होती.

तर कार्ड नव्हतं. मला वाटलं, काकूंचं वय झालं, राहून गेलं असेल. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला अपुरी माहिती बघवत नाही. आणि हिची माहिती तर मला पाठ होती. दर वर्षी फॉर्म भरताना अण्णा ती मोठ्यानं सांगायचे आणि मी लिहायचो. मी ती भरली, जागेवर साठवली आणि कॉम्प्युटर बंद करून घरी गेलो.

मेळाव्याच्या दिवशी ताई कार्यालयाच्या ओट्यावर टेबल मांडून बसली होती. मंडळानं त्या वर्षी रक्तगट फुकट तपासून द्यायचं ठरवलं होतं, कारण हल्ली लग्नाआधी लोक तेही विचारायला लागले होते. टेबलावर काचपट्ट्या, कापूस, स्पिरिट. उपवर मुलं-मुली रांगेत उभी, आणि बोट पुढं करताना मुलंच जास्त घाबरत होती. मी आत जाता जाता थांबलो.

"काय रे, तुझ्या डब्याला हळद लागली म्हणे," ताई म्हणाली.

"टिळा लावलाय मधोमध. निम्मी अक्षरं त्याच्यामागे जातायत."

"बरं दिसत असेल. उंची, रंग काय लिहिलंस त्याचं?"

"हस तू. अर्ध्या तासात हे सगळे मला खांद्यावर घेतील."

"घेतील की. जप फक्त." तिनं पुढच्या मुलाचं बोट धरलं, पुसलं, टोचलं. त्याला कळलंही नाही. मग काचपट्टीवर थेंब घेता घेता सहज विचारल्यासारखं म्हणाली, "काकूंनी दिलेली सगळी कार्डं भरलीस?"

"दिलेली भरलीच. एक राहिलं होतं, तेही भरलं."

तिनं वर बघितलं. रांगेतल्या मुलाची आई मध्येच काहीतरी विचारायला लागली आणि अध्यक्षांनी माइकवरून माझं नाव पुकारलं. मी आत पळालो.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मंडळाचे जुने लोक, त्यांच्यात काकू. तिसऱ्या-चौथ्या रांगेत आई आणि अण्णा. अण्णा एरवी आले नसते. मुलाचा कार्यक्रम आहे म्हणून आले होते. अध्यक्षांनी भाषण केलं. विज्ञान, प्रगती, एकविसावं शतक, आणि आमच्या ज्ञातीचा मुलगा. मग म्हणाले, "आता उल्हास पोतदार आपल्याला प्रात्यक्षिक दाखवतील. सगळ्या नावांतून सगळ्यांत उत्तम जोडी हे यंत्र तुमच्या डोळ्यांदेखत काढील."

मी कळ दाबली. लाइट जाऊ नये म्हणून मनातल्या मनात वीजमंडळाच्या सगळ्या लोकांना नमस्कार केला. पडद्यावर आकडे पळायला लागले. शेवटच्या रांगेपर्यंत काहीच दिसत नव्हतं, पण प्रिंटर करकरायला लागला तेव्हा सभागृह शांत झालं. तो आवाज लोकांनी फक्त रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर ऐकला होता. अध्यक्षांनी कागद फाडून घेतला, चष्मा चढवला आणि माइकमध्ये वाचलं:

"चिरंजीव मुकुंद देवरुखकर, कऱ्हाड, साखर कारखान्यात केमिस्ट. आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी कुंदा भालचंद्र पोतदार, मिरज. छत्तीसपैकी तेहतीस गुण!"

टाळ्या वाजल्या. आधी थोड्या, मग जोरात. माझं लक्ष आधी अण्णांकडे गेलं. ते उभे राहिले होते. का उभे राहिलो हे त्यांनाही कळत नसावं. आईनं पदर तोंडाला लावला होता. उजवीकडच्या बाजूला एक लठ्ठशा बाई शेजारच्या उंच, चष्मा लावलेल्या माणसाला कोपरानं ढोसत होत्या. तेच देवरुखकर. मला हे नाव कार्डावरून भरल्याचं आठवत होतं, एवढंच. मी स्टेजवरून हसत खाली उतरलो. लोक पाठीवर थापा मारत होते. "स्वतःच्या बहिणीचं जमवलंस की रे," असं कोणीतरी म्हणालं.

काकू तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या आणि माझा दंड धरून मला खांबाआड नेलं.

"कुंदाचं नाव आत कसं गेलं?"

"मी भरलं. तुमच्याकडून कार्ड राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं रे, बाळा."

"मग?"

काकू काही बोलायच्या आत अण्णा आले. त्यांचा चेहरा मी कित्येक वर्षांत असा पाहिला नव्हता. कानापर्यंत लाल झाला होता. "चला काकू, चला. ते लोक वधूपक्षाच्या खोलीत बसलेत. आत्ताच बोलून घेऊ म्हणतात. उल्हास, तू पण ये. तो मुलगा तुला कॉम्प्युटरचं काही विचारणार आहे." आणि काकूंना त्यांनी जवळजवळ ओढतच नेलं.

आता लोक म्हणतात, कॉम्प्युटर आला, मोबाइल आला आणि घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. माझी मुलगीसुद्धा मला हे फोनवरून ऐकवते. मी तिला सांगतो, आमच्या घरात वायरचा टेलिफोनसुद्धा नव्हता तेव्हापासून कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बोलायचो म्हणजे दूध आलं का, गॅस संपलाय, उद्या संकष्टी आहे. हे बोलणं असेल तर तेवढं हल्लीही होतं.

वधूपक्षाच्या खोलीत लोखंडी कॉट, दोन-चार खुर्च्या आणि भिंतीला एक मोठा आरसा होता. देवरुखकरबाई कॉटवर बसल्या होत्या, मुकुंद खुर्चीत. आईनं कुठूनतरी पेढे पैदा केले होते. ताईला ओट्यावरून बोलावून आणलं होतं. ती तशीच आली, पांढऱ्या कोटात, हाताला स्पिरिटचा वास. कोट काढ म्हणून आईनं खुणावलं, पण तिनं लक्ष दिलं नाही. दाराशेजारच्या खुर्चीवर बसली.

मुकुंद बरा माणूस वाटला. त्यानं मला प्रोग्राम कशात लिहिला विचारलं, मी सांगितलं. त्यांच्या कारखान्यातही कॉम्प्युटर येणार होता. ताईला त्यानं रक्तपेढीचं काम कसं चालतं ते विचारलं, तिनं दोन वाक्यांत सांगितलं. देवरुखकरबाई म्हणाल्या, "मला तर बाई नवलच वाटतं. एवढं जुळत होतं तर इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही? आमचंही नाव मंडळात आहेच की."

सगळ्यांनी काकूंकडे बघितलं.

काकूंनी घसा साफ केला. "सांगितलं नाही, कारण होतं म्हणून. एकनाड आहे दोघांची."

एकनाड म्हटल्यावर पुढं बोलायचं काही नसतं. आमच्यात बाकी सगळं चालवून घेतात, एकनाड नाही. देवरुखकरबाईंनी हातातला पेढा खाली ठेवला. अण्णांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, आणि तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात हिशेब केला.

"एकनाड नाहीये, काकू," मी म्हणालो.

"आहे रे. मी बघितलंय."

"असूच शकत नाही. नाडीचे आठ गुण असतात. एकनाड असली तर ते आठच्या आठ जातात. म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठावीस. तेहतीस आलेच नसते."

"यंत्र चुकतं कधीतरी."

"यंत्र नाही चुकत. मी चुकलो असतो, पण हे मी हातानं पडताळून बघितलंय. यांची आद्य, हिची मध्य." मी खिशातला कागद काढून दाखवायला लागलो. माझ्या प्रोग्रामला कोणी चूक म्हटलेलं मला सहन होत नव्हतं.

"ऐकलंत?" अण्णा म्हणाले.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंगळ तरी बघ रे, उल्हासा. मंगळ असेल."

"दोघांनाही नाही, काकू."

कॉम्प्युटरला अक्कल नसते असं लोक म्हणतात, ते खरंच आहे. पण त्याला भीडही नसते. त्या खोलीत त्या क्षणी मीही कॉम्प्युटरच होतो. काकूंनी एक दार लोटून धरलं की मी ते उघडत होतो, आणि हे आपण काय करतोय हे मला कळत नव्हतं.

"मग आता नाही म्हणण्यासारखं काय राहिलं?" अण्णा हसत म्हणाले. "काकू, तुमचंही वय झालं. होतं असं. आम्ही काही मनावर घेत नाही. मी म्हणतो, सुपारी आजच फोडून घेऊ. कुंदा, तुझं काय?"

तो प्रश्न नव्हता. अण्णा म्हणतानाच देवरुखकरबाईंकडे वळले होते.

"काकू, राहू दे," ताई म्हणाली. "नका आता आणखी खोटं बोलू."

"कुंदा, गप," काकू म्हणाल्या.

"नको, काकू. तुम्ही किती दिवस बोलणार?" ताई उभी राहिली. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते तशी ती हात कोटाच्या खिशात घालून बोलत होती, पण तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. "अण्णा, त्यांनी काही चुकून सोडलेलं नाही. मीच त्यांना सांगितलं होतं. मला लग्न करायचं नाही. मला कोणाचं स्थळ दाखवू नका म्हणून त्यांच्या घरी जाऊन रडले होते मी. पहिल्यांदा नाव नोंदवलं त्याच वर्षी. तेव्हापासून त्या तुम्हाला योग यायचाय सांगतायत."

बाहेर माइकवर पंगतीची सूचना चालू होती. देवरुखकरबाईच आधी सावरल्या. "मग नाव तरी कशाला घालायचं? आम्हाला काय रिकामपणचे उद्योग आहेत का? भर सभेत नाव घेतलं आमचं."

"चूक आमची आहे, मावशी," ताई म्हणाली. "यांच्यात काही कमी नाही. मला नकोच आहे."

मुकुंद उठला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आई, चल," एवढंच म्हणाला. दारातून जाताना ताईसमोर थांबला आणि म्हणाला, "बरं झालं आज सांगितलंत. नाहीतर सुपारी फुटल्यावर कळलं असतं." तो रागानं म्हणाला की समजून, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न झालं. काकूंनीच जमवलं.

आता खोलीत आम्ही घरचे आणि काकू. अण्णा कॉटवर बसले, देवरुखकरबाई बसल्या होत्या तिथंच. खाली बघत म्हणाले, "काकू, तुम्ही आमच्या घरी येत होता. चहा घेत होता. माझ्या तोंडावर सांगत होता."

"होय, भालचंद्रराव."

"मी रात्र रात्र झोपत नव्हतो. माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं. पोरीनं शब्द घेतला होता. शब्द दिला की दिला." काकूंचे डोळे भरले होते. "तुमचं वाईट वाटत नव्हतं असं नका समजू. तुमच्या घरचा चहा मला गोड लागायचा नाही."

अण्णा ताईकडे वळले. "त्यांना सांगितलंस. आम्हाला नाही सांगितलंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझी समजूत काढली असती, अण्णा. रोज. आईनं जेवण सोडलं असतं. मामाला बोलावलं असतं. काकूंनी एकदा ऐकलं आणि परत विषय काढला नाही. मला भीती वाटत होती तुमची. मारण्या-बोलण्याची नाही. तुम्ही रडाल याची."

"मी सोमवार धरले होते गं, कुंदे," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात पिशवी विसरली म्हणून सांगावं तसा.

"माहीत आहे. म्हणून तर सोमवारची खिचडी मी करायचे. मला तुझ्याकडे बघवायचं नाही, आई. लाज वाटायची. पण सोडही म्हणता येत नव्हतं."

आई रडायला लागली. ताईही रडली, पण उभ्यानंच, पांढऱ्या बाहीला डोळे पुसत. काकूंनी आईला जवळ घ्यायला हात पुढं केला आणि मध्येच मागं घेतला. मी तिथं कशाला उभा होतो मला माहीत नाही. मला एकच वाक्य सुचत होतं, की प्रोग्राम बरोबर चालला होता. ते मी बोललो नाही, एवढी अक्कल होती.

"कोणी आहे का?" अण्णांनी विचारलं. "परज्ञातीतला वगैरे. तसं असेल तर तसं सांग."

"कोणी नाही हो, अण्णा. असता तर सोपं होतं. तुम्ही आधी रागावला असता आणि मग मान्य केलं असतं. मला हे नकोच आहे. मला काम आवडतं. मला बेळगावला जायचंय. मला एकटं राहायला आवडेल असं वाटतं, आणि नाही आवडलं तर मी परत येईन. यात वाईट काय आहे, मला खरंच कळत नाही."

अण्णा उठले आणि बाहेर गेले. आई त्यांच्यामागे निघाली, तर त्यांनी हातानंच तिला थांबवलं.

मी स्टेजवर आलो. सभागृह रिकामं झालं होतं. पलीकडून पंगतीचा आवाज, वाढप्यांच्या हाका, मठ्ठ्याच्या बादल्या. मला कॉम्प्युटर बंद करून, वायरी गुंडाळून संध्याकाळच्या आत सांगलीला पोचवायचा होता. मी प्रिंटरची वायर काढत होतो तेवढ्यात पायऱ्यांवर चपला वाजल्या. अण्णा वर आले. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. याआधी ते कॉम्प्युटरच्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते. दुकानात एकदा आले होते, तेव्हा चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले होते.

"चालू आहे का हे?"

"आहे."

"तिचं नाव यातून निघतं का?"

"निघतं की. आत्ता काढतो."

"तू नको. मला सांग कसं काढायचं ते."

मी यादी वर-खाली करून ताईचं नाव आणलं. कुंदा भालचंद्र पोतदार, मिरज. उंची, वर्ण, शिक्षण, अपेक्षा. अपेक्षेच्या रकान्यात 'सुस्वभावी, निर्व्यसनी' असं अण्णाच दर वर्षी सांगायचे, तेच मी घातलं होतं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून ते सगळं सावकाश वाचलं. मी त्यांना बटण दाखवलं. त्यांनी तर्जनीनं ते दाबलं, दारावरची घंटा दाबतात तसं, जरा जास्तच वेळ.

पडद्यावर अक्षरं आली. नाव काढून टाकायचे का? हो की नाही?

"हो म्हणायचं?"

"हो. हे बटण."

त्यांनी दाबलं. परत अक्षरं आली. नक्की काढून टाकायचे का?

"दोनदा विचारतंय," अण्णा म्हणाले.

"हो. चुकून हात लागला तर एवढी माहिती जाऊ नये म्हणून मीच तसं ठेवलंय."

अण्णांचं उचललेलं बोट तसंच राहिलं. पलीकडे कोणीतरी जिलबी वाढत होतं, आग्रह चालला होता. अण्णा पडद्याकडे बघत होते.

"आपण तिला एकदाही विचारलं नाही रे," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.